वैयक्तिक कारणास्तव नव्हे

फौजेतून निवृत्त झाल्यावर माझं पोस्टिंग अंधेरी पूर्वेला झालं. पोस्टिंग हा शब्द माझा, कंपनी त्याला जॉब म्हणायची. बँकांची रोकड या शाखेतून त्या शाखेत नेणाऱ्या तिच्या व्हॅन होत्या आणि प्रत्येक व्हॅनवर दोन माजी सैनिक गनमॅन म्हणून असत. बंदूक आणि तिचं लायसन्स आमचं स्वतःचं. कंपनी द्यायची फक्त युनिफॉर्म, वॉकीटॉकी आणि सूचना.

शाळांमधून मला भाषणाला बोलावतात तेव्हा मुलांना बॉर्डरवरचं ऐकायचं असतं. मी ते सांगतो, टाळ्या पडतात. पण मला सगळ्यात जड गेलेलं काम बॉर्डरवरचं नाही. अंधेरीतली ही नोकरी सोडणं हे ते काम. राजीनामा द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर कसा, हे ठरवताना मला जेवढा घाम फुटला तेवढा गोळीबारातही फुटला नव्हता. आज तेच लिहितो आहे.

मी हवालदार वाघमारे, इन्फंट्री. घर घाटकोपरला, भटवाडीत. व्हॅन सातवर माझा जोडीदार नाईक गावडे. मूळचा कुडाळकडचा. वडील गिरणी कामगार होते, गिरणी गेली तसे ते बिऱ्हाड घेऊन कांदिवलीला आले. आमच्या बटालियन वेगळ्या, वयात दहा वर्षांचं अंतर. पण पहिल्याच दिवशी त्याने बूट असे चमकवून आणले होते की मी म्हटलं, हा आपला माणूस. यार्डात सकाळी आम्ही सगळे गनमॅन रांग लावून फॉल-इन व्हायचो. कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिसमधली पोरं खिडकीतून हसायची, हसू दे.

गावडे बोलका होता. डब्यात माझी भाकरी-भाजी बघितली की सुरू व्हायचा.

"सर, तुमच्या घाटार मासो फक्त फोटोत बघूचो."

"आणि तुमच्याकडे भाकरी?"

"भाकरी आसा की. पण ती माशाच्या खाली दिसणा नाय."

व्हॅनमध्ये आम्ही तिघे असायचो. पुढे ड्रायव्हर सलीम आणि एक गनमॅन. मधे लोखंडी पार्टिशन. मागच्या केबिनमध्ये पेट्या आणि दुसरा गनमॅन. मागे-पुढे आम्ही आळीपाळीने बसायचो. मागचं दार बाहेरून कुलूपबंद, चावी पुढच्याकडे. आतून उघडायला हँडल होतं, ते मोडलेलं. मागचा पंखा बंद. प्रत्येक सिग्नलला पुढच्याने पार्टिशनवर दोनदा ठोकायचं, मागच्याने दोनदा ठोकून उत्तर द्यायचं, एवढाच आमचा संपर्क.

हँडल आणि पंख्याबद्दल मी ब्रँच मॅनेजर पाटणकरांकडे गेलो होतो. त्यांनी हसून विचारलं, "बाकी कोणाची तक्रार नाही, वाघमारे. फौजी असून उकाड्याला घाबरता?" मी बाहेर आलो. फौजेत एक नियम आहे, तो नागरिकांना माहीत नसतो. तक्रार करायची तर प्रत्येकाने स्वतःची करायची, स्वतःपुरती. चार जण मिळून गेलात की ती तक्रार राहत नाही, ते बंड होतं आणि त्याला कोर्ट मार्शल आहे. वीस वर्षं हे रक्तात भिनलेलं. त्यामुळे दुसऱ्याला विचारावं, तुलाही त्रास होतो का रे, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

ऑक्टोबरमधली दुपार होती. मागची पाळी गावडेची. साकीनाक्याच्या अलीकडे ट्रॅफिक ठप्प झालं. मी ठोकलं, उत्तर आलं. थोड्या वेळाने पुन्हा ठोकलं, एकच ठोका आला. तिसऱ्यांदा ठोकलं, काहीच नाही.

"कंट्रोल, व्हॅन सेव्हन. मागून उत्तर नाही. दार उघडायची परवानगी द्या. ओव्हर."

"व्हॅन सेव्हन, नेगेटिव्ह. रोडवर दार उघडायचं नाही. ब्रँच गाठा. ओव्हर."

"कंट्रोल, ब्रँच गाठता येत नाही. जॅम आहे. माणूस उत्तर देत नाही. ओव्हर."

"नेगेटिव्ह. एसओपी पाळा. आउट."

मी सलीमला म्हटलं, "डावीकडे घे."

"साहब, नौकरी जाएगी."

"घे."

मी उतरलो, भर रस्त्यात कुलूप काढलं. आतून भट्टीसारखी झळ आली. गावडे पेट्यांना टेकून बसला होता. बंदूक मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. अंग तापलेलं आणि कोरडं. घाम येणं थांबलं होतं. मी त्याला खाली सावलीत घेतलं, शर्ट फाडला, मिळेल तेवढं पाणी ओतलं. एका रिक्षावाल्याने बाटल्या आणून दिल्या. गावडेने डोळे उघडले नाहीत. सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं. बर्फात तीन वर्षं काढलेला माणूस उष्माघाताने गेला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकीचे गनमॅन आले. लान्स नाईक शिंदे भिंतीला टेकून म्हणाला, "सर, मी पाटणकरांना सांगितलं होतं हँडलचं. ते म्हणाले, बाकी कोणाची तक्रार नाही." दुसरा म्हणाला, "मलाही हेच म्हणाले." तिसराही तेच. प्रत्येक जण शिस्तीत एकटा गेला होता आणि प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवून परत पाठवलं होतं. मला त्या क्षणी पाटणकरांचा जेवढा राग आला, तेवढाच आमच्या शिस्तीचाही आला. ती शिस्त जिथली आहे तिथे चांगली आहे. तिथे वरच्याला ऐकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पाटणकरांनी बोलावलं. चहा मागवला. मी घेतला नाही.

"वाघमारे, तुम्ही पब्लिक रोडवर दार उघडलंत. एसओपी ब्रीच आहे. टर्मिनेशन होतं यात. पण आम्ही ते मनावर घेत नाही. तुम्ही फक्त एवढ्यावर सही करा."

टाइप केलेला जबाब होता. सकाळी ड्युटीवर येताना गावडे यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता, असं त्यात माझ्या नावाने लिहिलं होतं.

"साहेब, तो पीत नव्हता. फौजी कँटीनचा दारूचा कोटासुद्धा उचलत नव्हता."

"फौजी आणि पीत नाही? कोणाला पटेल? रासायनिक तपासणीचा रिपोर्ट यायला महिने लागतात. तोवर कागदावर असेल ते खरं."

"मी सही करणार नाही."

"मग रिझाइन करा. वैयक्तिक कारणास्तव, एवढं लिहा. एक्सपिरिअन्स लेटर उत्तम देतो. काय आहे, प्रोफेशनली करू या ना."

मी उठलो. वाट लागली होती ती अशी, की सही करून राहिलो काय आणि वैयक्तिक कारण लिहून गेलो काय, दोन्हीकडून गावडे दारुडाच ठरत होता. मी गप्प निघून गेलो असतो तर तो कागद सलीमपुढे सरकवला असता. सलीमच्या घरात खाणारी सात तोंडं. त्याने काय करावं?

चार दिवसांनी संध्याकाळी कांदिवलीला गेलो. कंपनीचा एक अधिकारी आदल्या दिवशी सांत्वनाला येऊन गेला होता. जिन्यात शेजाऱ्यांशी बोलता बोलता म्हणाला होता, पिण्याचं जरा सांभाळायला हवं होतं त्यांनी. झालं. मजल्या-मजल्यावर तेच. गावडेचे वडील रोज खाली बाकावर पेपर वाचायला बसायचे, ते बसायचे बंद झाले. मी गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून आडवे होते. गावडेची बायको, आमच्या वहिनी, दारात सासऱ्यांविषयी माझ्याशी हळू आवाजात बोलल्या.

"भावोजी, मामांनी कालपासून काय खाल्ल्यानी नाय. इचारतत, माझो झील पिऊक कधी लागलो? मी काय सांगू?"

झील म्हणजे मुलगा. मला तिथे रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही.

घरी येऊन राजीनामा लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात मी पाटणकरांचा बाप काढला. माझी बायको सुनंदा शाळेच्या ऑफिसात आहे, पत्रव्यवहार तिच्या हाताखालून जातो. तिने वाचलं आणि परत दिलं.

"हे भांडण आहे. राजीनामा कुठाय?"

"तू काय म्हणतेस, सोडू का नको? पोरीचं इंजिनिअरिंगचं अजून दीड वर्ष आहे."

"सोडा. उद्या तुम्हाला त्या डब्यात बसलेलं मला बघवणार नाही. पण असं सोडा की त्यांना ते पत्र फाडता येणार नाही. अहो, तुम्ही फौजेत वर रिपोर्ट कसा पाठवायचात? शिव्या घालून?"

ती बरोबर होती. मी उगाच पेटलो होतो. नोकरी सोडणं ही माघार असते आणि माघारीचं फौजेत रीतसर शिक्षण देतात. माघार पळत घ्यायची नाही. सामान मोजून, पोस्ट ताब्यात देऊन, मागचा रस्ता राखत घ्यायची. आणि आपला पडलेला माणूस मागे ठेवायचा नाही. गावडेचं शरीर आम्ही आणलं होतं. त्याचं नाव अजून कंपनीच्या ताब्यात होतं. तेव्हा दुसरा मसुदा मी रिपोर्टसारखा लिहिला. कुठे, काय, कोणाला सांगितलं, कोणी काय उत्तर दिलं. एकही विशेषण नाही. खाली लिहिलं की नोटीस पिरियड पूर्ण करीन, चार्ज देईन.

शिंदेला फोन करून ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सर, आम्हीही राजीनामा देतो. मग एकच पत्र करू ना. खाली सगळ्यांच्या सह्या."

मी अडलो. "एकत्र नाही रे."

"सर, आता कोण कोर्ट मार्शल करणार आपलं?"

तो हसला. मला हसू आलं नाही. वीस वर्षांची सवय एका फोनवर जात नाही. शेवटी मी म्हटलं, प्रत्येकाने आपलं पत्र आपल्या हाताने लिहायचं. जे स्वतः सांगितलं आणि स्वतः ऐकलं तेवढंच. दुसऱ्याचं एक अक्षर नाही. पण द्यायचं एकाच सकाळी, सीनियॉरिटीने, एकामागे एक.

तसंच झालं. रिसेप्शनवरची मुलगी प्रतींवर पोचल्याचा शिक्का मारत गेली आणि तिचा चेहरा पडत गेला. पाटणकर केबिनमधून बाहेर आले.

"हे काय, युनियन काढलीत?"

"नाही साहेब. प्रत्येकाचं वेगळं आहे. वाचून बघा."

त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. प्रत्येक पत्रात त्यांचं ते एकच वाक्य होतं, वेगवेगळ्या अक्षरात.

"वाघमारे, महागात पडेल."

"हो साहेब. प्रती पोलीस ठाण्यात आणि कामगार कार्यालयात दिल्यात. आणि हँडल लागल्याशिवाय मागे कोणी बसणार नाही."

गनमॅन नाही म्हणजे बंदूक नाही, आणि बंदुकीशिवाय बँक पेटी देत नाही. दुपारपर्यंत सगळ्या व्हॅन यार्डात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला आणि त्याने सगळ्या व्हॅनची हँडलं बसवली. एका दाराला चहा पिऊन व्हावा तेवढा वेळ लागला. मी बाजूला उभा राहून बघत होतो.

बाकीच्यांचे राजीनामे मंजूर झाले. माझा नाही. एसओपी ब्रीचसाठी मला काढून टाकलं. वॉकीटॉकी, युनिफॉर्म, ओळखपत्र जमा केलं, पोच घेतली. अंधेरीत या धंद्यातली सगळी ऑफिसं एकमेकांना ओळखतात, त्यामुळे पुढे बरेच महिने मला कोणी उभं केलं नाही. हल्ली मुलुंडच्या एका सोसायटीत गेटवर असतो. कोणी विचारलं की आधीची नोकरी का सुटली, तर काढून टाकलं असं सांगतो. ते खरं आहे.

हे सगळं नंतरचं. पत्रं दिल्यावर गावडेच्या तेराव्याला आम्ही सगळे गेलो. चाळीतले शेजारी आले होते. बरेचसे दारातच घुटमळत होते, नजर चुकवत होते. वडील कोपऱ्यात खाली मान घालून बसलेले. मी वहिनींच्या हातात माझ्या पत्राची प्रत दिली, तुमच्या भरपाईच्या फाइलला लागेल म्हणून. त्यांनी ती उघडली, थोडी वाचली आणि मला परत दिली.

"भावोजी, ह्या हयच वाचा. मोठ्यान. सगळ्यांक ऐकांदे."

मी उभा राहिलो. भाषणं मला जमतात, पण हे भाषण नव्हतं. वाचायला लागलो.

"विषय: राजीनामा. नाईक गावडे व्हॅन नंबर सातच्या मागच्या केबिनमध्ये ड्युटीवर असताना मरण पावले. केबिनचं दार आतून उघडत नव्हतं. पंखा बंद होता. ही तक्रार मी मॅनेजरसाहेबांकडे केली होती. बाकी कोणाची तक्रार नाही, असं त्यांनी उत्तर दिलं. गावडे दारू पीत नव्हते. त्या सकाळी मी त्यांच्या शेजारी उभा होतो, कसलाही वास नव्हता. दार उघडलं तेव्हा ते आपल्या जागेवर होते आणि बंदूक त्यांच्या हातात होती. त्यांच्याविषयी खोटं लिहून द्या असं मला सांगण्यात आलं. म्हणून मी नोकरी सोडत आहे. हे कारण वैयक्तिक नाही."

दारातली माणसं आत येऊन बसली. मी कागदाची घडी करत होतो, तेवढ्यात गावडेच्या वडिलांनी मान वर केली.

"झिला," ते म्हणाले, "परत एकदा वाच."

मी परत वाचलं.