दूध अंगी लागलं का?

आम्ही वाकोल्याला राहायचो तेव्हा वस्तीच्या तोंडाशी एका पत्र्याच्या शेडमध्ये लहान मुलांसाठी फुकट दुधाचं केंद्र होतं. भुकटीचं दूध. कोमट पाण्यात घोटलं की वर फेस यायचा आणि खाली गुठळ्या राहायच्या. मला त्या वासानं मळमळायचं, पण माझा धाकटा भाऊ तांब्या पाहिला की हात पसरायचा. दीड वर्षाचा झाला तरी तो पायांवर उभा राहत नव्हता. केंद्राचं दूध सुरू झालं आणि पावसाळा सरेपर्यंत तो भिंतीला धरून घरभर फिरू लागला. मांड्यांना वळ्या पडल्या. आई त्या वळ्यांत बोट घालून त्याला हसवायची, पण तोंडानं अवाक्षर काढायची नाही. मूल बाळसं धरतंय असं आईनं बोललं की दृष्ट लागते, हे वस्तीतल्या प्रत्येक बाईला पाळण्यापासून ठाऊक.

मग दुधाचा कितपत उपयोग होतो ते पाहायला एक बाई आल्या. पांढरं पातळ, पायांत चपला, बोलायला गोड. त्यांनी वजनकाटाही आणला होता, पण एकाही आईनं मूल काट्यात घालू दिलं नाही. मूल काय दुधी भोपळा आहे? शेवटी बाई दारोदार विचारत फिरल्या. बाई येताहेत म्हटल्यावर आईनं भावाला माझं जुनं, घोट्यापर्यंत येणारं झबलं चढवलं आणि गालाला काजळाचं बोट लावलं.

"दूध घेतल्यापासून बाळाच्या तब्येतीत काही फरक?"

"खंय वो! नुसती हाडां रवलीत. काय एक अंगाक लागणा नाय."

शेजारच्या घरातही तेच, पलीकडेही तेच. सगळ्या वस्तीनं आपापली गुटगुटीत पोरं पदराखाली झाकून रडगाणं गायलं. बाई हळहळत गेल्या. मला त्यांचा अजून राग येतो. बाईमाणसाला एवढं कळू नये? त्यांना कुणी लहानपणी दृष्ट काढून वाढवलंच नव्हतं का?

दिवाळीनंतर केंद्र बंद झालं. इथल्या मुलांना दुधाचा गुण येत नाही, ते दुसरीकडे द्यायचं ठरलंय, असं दूध वाटणाऱ्या माणसानं सांगितलं. बायका पदर खोचून भांडायला उभ्या राहिल्या, पण नेमकं काय बोलायचं ते कुणालाच सुचेना. तेव्हा आई पुढे झाली. भर गर्दीत तिनं भावाचं झबलं वर केलं.

"ह्ये पाय बगा ह्येचे! दुदानच भरलो माझो झील. चलाक लागलो!"

बायकांनी आपापली पोरं पदराखाली ओढली. एकीनं तर तोंडावर हात ठेवला.

"वहिनी, हे बाईंना सांगायचं होतं," तो माणूस म्हणाला आणि कुलूप शोधू लागला.

त्या संध्याकाळी आईनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. नंतरही रोज टाकत राहिली. घरात दुधाच्या जागी पेज आली. भावाच्या मांड्या उतरल्या, फिरणं सोडून तो पुन्हा बसून राहू लागला. थंडीत वस्तीत गोवर आला. बरीच मुलं तापली आणि बरी झाली. आमचा भाऊ उठला नाही. अंगात ताकदच नव्हती, असं डॉक्टर वडिलांना म्हणाले.

आईनं ते ऐकलं, पण मानलं नाही. पुढे मला मुलं झाली. त्यांच्याकडे बघून ती कधी बरा शब्द बोलली नाही. जवळ घ्यायची तीही नजर दुसरीकडे वळवून. एकदा मी चिडून म्हटलं, "आई, दूध बंद झालं म्हणून तो गेला गं. तुझ्या बोलण्यानं नाही."

ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "दूद सगळ्यांचाच बंद झाला. बोललंय मी एकटीच."