ठिपक्यांच्या माणसाच्या वहाणा

कौसडीकर सर तीन वर्षं आमच्या शाळेत होते आणि त्या तीन वर्षांत त्यांनी आमच्या घराचा उंबरा एकदाही ओलांडला नाही. भांडण नव्हतं, सोवळंओवळं तर मुळीच नव्हतं. सर पायात नाडीचे बूट घालत, एवढंच. त्यांचे वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे घोट्यावर चढणारे बूट ही त्या घराची रीतच. पण नाड्या सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या याचा सरांना मनस्वी कंटाळा. मग चहा ओट्यावर, गप्पा ओट्यावर. "आत या" म्हटलं की म्हणायचे, "बाई, तुमचं घर भाईरूनच लय छान दिसायलंय."

ते गणित शिकवायचे, मी मराठी. जीव मात्र त्यांचा गावच्या बारवेत अडकलेला. चुडाव्याच्या पलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या मधोमध ही जुनी दगडी बारव. चारी बाजूंनी पायऱ्या, भिंतीत कोनाडे, तळाजवळच्या कोनाड्यात देवी. तेव्हा हे सगळं ऐकीवच होतं, कारण आत बाभळी माजल्या होत्या आणि शेजारची गिरजाबाई रोज सकाळी चपला फटफटवत येऊन राखेची पाटी आत रिकामी करायची. पंचायतीनं मुरूम टाकून बारव बुजवायची आणि वर बाजाराचे गाळे काढायचे ठरवलं. सरांना अन्न गोड लागेना. भेटेल त्याला विचारायचे, "उतरलात का कधी? आदी उतरा, मंग बोला." लोक सापाचं नाव सांगून सटकत.

त्याच सुमारास सरकारी योजनेतून शाळेत संगणक आला. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर त्याचं शहाणपण साठवायचं, असला प्रकार. मुख्याध्यापकांनी सत्कारमूर्तीसारखी त्याला शाल पांघरून ठेवली होती. सरांनी शाल काढली. "यंत्र लय इमानदार हाय बाई, सांगाल तेवढंच करतंय. आपल्या सातवी ब सारखं न्हाई."

सरांनी त्याला बारव सांगितली. बूट घालून, बाभळी चुकवत, मोजायची टेप धरून ते स्वतः आत जाऊन आले आणि त्या मापांचा खेळ केला. हिरव्या ठिपक्यांचा एक माणूस घागर घेऊन पायऱ्या उतरायचा. वाटेत निखळलेले दगड बसवायचे. बारवेला चुना लावलेला नाही, दगडात दगड अडकवलेला आहे. त्यामुळे चुकीचा दगड बसवला की वरची रांग धडाधड खाली. पावसाळा लागला की पाणी चढायचं आणि कोनाडे खालून एकेक करून बुडायचे. आठवड्याभरात सातवी ब मधली पोरं मधल्या सुट्टीत कोपऱ्याच्या दगडावरून भांडू लागली. मला हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं.

मग सरांनी सरपंच माणिकअण्णांना बोलावलं. "खाली उतरायचं भेव वाटत असंल तर इथं उतरा." अण्णा खुर्चीत बसले, दोनदा दगडाखाली चिरडले गेले, तिसऱ्यांदा देवीपर्यंत पोचले आणि एकदम थांबले.

"सर, ह्या गड्यानं पायतान कुठं काढलं?"

"अण्णा, ठिपके हायेत ते. त्याला पायच न्हाईत."

"पाय न्हाईत तर पायऱ्या कसा उतरायलाय? खाली देवी हाय. आसलं आमी खेळत न्हाई." अण्णा उठून गेले.

स्टाफरूममध्ये हसण्याचा गडगडाट झाला. ज्या देवीवर मुरूम टाकायला निघाले, तिच्यापुढे ठिपक्यांनी वहाणा काढायच्या! सर मात्र हसले नाहीत. "बरोबर बोलले अण्णा. माझंच चुकलं," म्हणाले आणि रविवारभर शाळेत बसले.

सोमवारी माणसाच्या पायाशी दोन ठिपके जास्त होते. एक बटण दाबलं की ते वरच्या पायरीवर राहायचे. दाबलं नाही तर माणूस जागचा हलायचा नाही. अण्णांना पुन्हा बोलावलं. त्यांनी बटण दाबलं, आणि मी शेजारीच उभी होते म्हणून दिसलं, खुर्चीखाली त्यांनी स्वतःच्या वहाणाही हळूच पायातून सोडल्या. ते देवीपर्यंत गेले आणि त्यांनी पडद्यावरच्या बुडत्या कोनाड्यावर बोट ठेवलं.

"खरंच हितवर पाणी येतंय का वो?"

"आदी उतरा अण्णा, मंग बोला."

दुसऱ्या दिवशी अण्णा दोन गडी आणि कोयते घेऊन बारवेवर आले. सगळी शाळा पाहायला लोटलेली, त्यामुळे त्यांना काठावर वहाणा काढाव्याच लागल्या, आणि बाभळीच्या काट्यांतून ते अनवाणी, मनातल्या मनात सरांचा उद्धार करत उतरले. देवी सापडली. मुरूम शाळेच्या मैदानावर पडला, गाळे एसटीच्या थांब्याजवळ निघाले. त्यानंतर पोरं बारवेवर गेली की खेळातल्यासारख्या वरच्या पायरीवर चपला काढू लागली. पोरांचं पाहून बायका, बायकांचं पाहून गडी.

सरांची बदली येलदरीकडे झाली. पुढे त्या कॅसेटला बुरशी लागली आणि खेळ गेला. मला फार वाईट वाटलं.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या साली सर एकदा गावात आले. आम्ही बारवेवर गेलो. वरच्या पायरीवर चपलांची रांग होती आणि गिरजाबाई काठावर वाती वळत बसली होती.

"सर, बूट काढा," ती म्हणाली. "तुमी हायेत म्हनून सूट न्हाई."

"मावशी, ही रीत कुनी घातली वो?"

"कुनी म्हंजे? पयल्यापासून हाय. माझ्या सासूच्या सासूपासून."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"खरं हाय मावशी," ते म्हणाले, आणि पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडू लागले.