सेक्रेटरीच्या सहीची पैज

इंद्रलोक नावाच्या वस्तीतल्या आमच्या इमारतीत पाणी पहाटे पाचला यायचं आणि खाली जाऊन पंप लावायची पाळी घराघरांत फिरायची. क्रिकेटच्या पैजा लागायच्या त्या या पाळीवर. हरलेल्याने जिंकलेल्याची पाळी करायची. २००७ च्या वर्ल्ड कपला दुसऱ्या मजल्यावरच्या दादांनी देशप्रेमाच्या भरात अख्ख्या इमारतीशी पैज लावली. भारत पहिल्याच फेरीत गारद, आणि दादांच्या गळ्यात अठरा पाळ्या. तिसऱ्याच पहाटे ते झोपून राहिले आणि टाकी कोरडी पडली.

माझे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी गच्चीवर सभा बोलावून पैजांवर बंदीचा ठराव मांडला. तळमजल्यावरचे गुजराती काका म्हणाले, "साहेब, बंद करोगे तो जिन्यात लपून खेळतील. त्यापेक्षा नियम बनवा ना!" सभेने काकांचं ऐकलं. पैज एकाच पाळीची, वहीत लिहायची, खाली सेक्रेटरीची सही. बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण सह्या त्यांनी चोख केल्या.

फक्त क्रिकेटवरच, असं लिहायचं मात्र राहून गेलं. टँकर येईल का, तिसऱ्या मजल्यावरचं लग्न जमेल का, कशावरही पैजा लागू लागल्या. वार्षिक सभेतल्या सेक्रेटरीच्या निवडणुकीला बाबांच्या विरोधात काका उभे राहिले, तेव्हा तर वहीची पानंच्या पानं भरली. सेक्रेटरी पडणार की राहणार? बाबा रोज स्वतःच्या पराभवाखाली सही ठोकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांचं पेन थांबलं. 'सेक्रेटरी पडणार' हे आईचं अक्षर होतं. पैज शेजारच्या मावशींशी.

"तू पण?"

"अहो, हरले तर त्यांच्या पाळीला पंप लावीन. कुणी झोपून राहिलं की सेक्रेटरीची बायको म्हणून चार वर्षं मीच धावतेय. जिंकले तर एक दिवस तरी झोपेन."

बाबांनी खाली सही केली.

सभेत घरटी एक मत होतं. हात मोजले, नऊ-नऊ. बाबांचाच हात राहिला होता. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं आणि काकांच्या बाजूने हात वर केला.

आमच्या पाळीच्या पहाटे मावशी खाली उतरल्या. आई सातपर्यंत झोपली. तिला जाग येऊ नये म्हणून बाबा भांडी न वाजवता चहा करत होते. मला त्यांचा इतका अभिमान आधी कधीच वाटला नव्हता.