तिसरा वाटा

कागद कुठलाही असो, ती बाकावर मांडी घालून बसायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "वाच गो. काय गाळू नको."

तुम्ही तिला पडद्यावर पाहिलं असेल. कजाग शेजारीण, भाजीवाली, नायकाला झाडू दाखवणारी मोलकरीण. तिचं नाव पडद्यावर येत नसे, पण ती आली की थेटर हसायचं. तिला अक्षरओळख नव्हती. परळच्या स्टुडिओत मी टायपिस्ट होते. प्रसंग टाइप केले की तिला वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच आलं. दोनदा ऐकलं की तिचं पाठ. एखादं वाक्य मी सोडलंच तर डोळे न उघडता म्हणायची, "मधलं खाल्लंस."

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. आम्ही एक विनोदी चित्र करत होतो. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन भाऊ आणि एक बहीण. बाप मरताना गिरगावातली खानावळ तिघांच्या नावे ठेवतो आणि भांडत भांडत तिघांना एकाच चुलीपुढे उभं राहावं लागतं. बहीण ती होती. एवढी मोठी भूमिका तिला पहिल्यांदाच मिळाली होती. शेवटी बहीण हसत म्हणते, "मला वाटा नको, दिवाळीला साडीचोळी द्या, पुरे," आणि कागदावर अंगठा उठवते. भाऊ रडतात, मग तिघं हसतात आणि चित्र संपतं.

त्याच सुमारास तिच्या पाठचे खरे दोन भाऊ स्टुडिओत आले. नाटकात गेली म्हणून नऊ वर्षं त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बाप गेल्याचंसुद्धा तिला बाजारात एका कोळिणीकडून कळलं होतं. आता मोठ्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि धाकट्याच्या हातात कागद. लालबागला बापाची पिठाची चक्की होती. मुलींनाही वाटा देणारा कायदा नुकताच झाला होता, म्हणून तिचा अंगठा हवा होता.

"साधा कागद आहे, ताई," धाकटा म्हणाला.

तिने मांडी घातली. "वाच गो."

मी वाचू लागले. 'चक्कीवरील माझा सर्व हक्क मी राजीखुशीने सोडीत आहे.' असाच एक कागद दादरच्या घरी माझ्या भावाने पुढे केला होता, आणि शिकलेली मी, न वाचताच सही करून मोकळी झाले होते.

"तुम्ही दोघं शाळेत जायचात तेव्हा चक्कीवर कोण उभं होतं?" तिने विचारलं.

मोठा म्हणाला, "तोंडाला रंग फासून गेलीस, तेव्हा चक्की आठवली नाही?"

"आठवत होती. तुम्ही बोलावलं नाय." तिने एक पेढा स्वतः खाल्ला, एक माझ्या हातावर ठेवला आणि कागद परत केला. "अंगठा मिळायचा नाय. भांडायला या कधीपण."

ते गेल्यावर ती बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसली. मी आणलेलं पाणी तसंच राहिलं.

शेवटचा प्रसंग घेण्याच्या दिवशी रस्त्यावरून मोर्चा चालला होता. घोषणा भिंतींतून आत येत होत्या, म्हणून काम थांबलं. आवाज लांब गेल्यावर कॅमेरा सुरू झाला. तिने कागद हातात घेतला, पडद्यावरच्या भावांकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाटा हवा. तिसरा."

दिग्दर्शकाने थांबवलं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"बाई, हे विनोदी चित्र आहे. लोक हसायला येतात."

"हसू दे की. वाटा घेऊनपण हसता येतं."

"लिहिलंय तेवढं बोला."

"बाहेर अख्खी मुंबई हक्काचं मागतेय," ती शांतपणे म्हणाली, "नि मी इथे उभी राहून नको म्हणू? दुसरी बघा."

दुसरी बघायला वेळ नव्हता. तिला वगळूनच त्यांनी शेवट उरकला. त्यानंतर तिला कुणी काम दिलं नाही.

चित्र लागलं तेव्हा लालबागच्या थेटरात दुपारच्या खेळाला मी तिच्याबरोबर गेले. बायकांच्या बाकांवर सगळ्या गिरणगावातल्या बायका. ती पडद्यावर आली की हशा नुसता उसळायचा. शेवटी दोघं भाऊ खानावळीच्या दारात एकमेकांना मिठी मारतात. बहीण कुठेच नाही.

"आणि भैण खंय गेली?" पुढून एकीने विचारलं.

ती अंधारात उठून उभी राहिली. "अंगठा दिला नाय, म्हणून काढली."

आधी हसू पसरलं, मग टाळ्या. मग कुणीतरी मोर्चातल्या चालीवर सुरू केलं, "वाटा मिळालाच पाहिजे." दिवे लागले तरी बायका उठेनात.

दाराजवळ तिचा धाकटा भाऊ उभा होता. आमच्याबरोबर तो चौकापर्यंत चालत आला. मग म्हणाला, "सोमवारी ये, ताई. पीठ जाड येतंय, चक्कीच्या दगडाला टाकी लावायची आहे. तुझ्यासारखी आम्हाला जमत नाही."

ती गेली, आणि मग रोजच जाऊ लागली. मोठा वर्षभर तिच्याकडे पाठ करून बसायचा. ती त्याच्या पाठीशीच बोलायची, वरण गरम आहे, आज ज्वारी ओली आली. एक दिवस पाठीनेच उत्तर दिलं.

काही वर्षांनी ती वारल्याचा निरोप सांगायला मोठा स्वतः माझ्या ऑफिसात आला. मी पोचले तेव्हा चक्की बंद होती. उंबऱ्याशी पिठाने पांढऱ्या झालेल्या तिच्या चपला होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येतात म्हणून कुणीतरी त्या उचलायला वाकलं.

"राहू दे," मोठा म्हणाला. "ती जागा तिची आहे."