खळ्यावरची चप्पल

उदगीरहून लातूरला विजेवरची नवी लोकल सुरू झाली, त्या आठवड्यातली गोष्ट. धोतर-टोपीतले एक म्हातारे दारापाशी थांबले, चपला काढून काखेत धरल्या आणि मगच डब्यात चढले. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी डब्याच्या भिंतीवरून हात फिरवला आणि माझ्यासमोर बसले.

कोरी गाडी बघून संकोचले असतील, असं मला वाटलं. "मामा, घाला चपला. इथं कुणी काही म्हणत नाही."

ते हसले. "बाई, हे डबे ज्या कारखान्यात बनायलेत ना, तिथं आमचं रान होतं. डबे उभे करतेत, तिथंच खळं. खळ्यावर चप्पल कोण घालतं?"

"रान गेल्याचं वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. लई वाटलं." मग पुन्हा भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "पण माल चांगला निघाला."

लातूरला फलाटावर उतरून त्यांनी चपला पायात घातल्या आणि निघून गेले.

मी रोज त्याच गाडीने शाळेला जाते. चपला काही काढत नाही. पण समोरच्या बाकावर पाय टाकून बसायची माझी जुनी सवय त्या दिवसापासून गेली.