दोन पिंपं

उकळून गार केलेलं दहा लिटर पाणी. त्यात जुलाबाच्या पेशंटला देतात त्या क्षार-साखरेच्या दहा पुड्या. हात साबणाने धुऊन बादली मीच तयार केली होती. काकूंनी ती व्हरांड्यात ओतून दिली आणि मला म्हणाल्या, "आता सांडलंच आहे, तर फरशी पुसून घे."

आवाज गोड होता. काकू नागरवाड्यातल्या, मदत केंद्राच्या प्रमुख. बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला होता. नदीकाठच्या वस्त्यांतली माणसं अकोट्यातल्या एका शाळेत आणून ठेवली होती. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आपण होऊन गेले होते. मराठी मुलगी आली म्हणून काकू खूश झाल्या, चहा दिला. मग बडोद्यात आपले लोक विचारतात तसं विचारलं. मूळ गाव कुठलं? आडनाव काय? वडील कशात आहेत? मी सांगितलं, रेल्वेत झाडूकाम करतात. त्यात लाज कसली? काकूंची नजर बादलीकडे गेली.

मी फरशी पुसली. औषधाने पुसली.

भिंतीशी जशीबेन पडली होती. साठीची असेल. सकाळपासून जुलाब, डोळे खोल गेलेले. "बेटा, थोडुं पाणी आप ने," एवढंच म्हणायची. टँकर दुपारी येणार, मग पाणी उकळणार, मग गार होणार. ती तेवढी थांबू शकली नाही. टेम्पोतून दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. काकू रडल्या. खरंच रडल्या. बादली त्यांनी ओतली होती. पण हे औषध आहे, ओतू नका, हे म्हणायला मला तोंड होतं. माझ्या तोंडातून ब्रसुद्धा निघाला नाही. त्याचा मला आजही संताप येतो, त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

वर्षं गेली. मी दवाखान्यात नोकरीला लागले. मांडवीच्या बाजारात मोबाईलची दुकानं झाली. लोक म्हणायला लागले, आता कोण जातपात पाळतं? आणि पुन्हा पूर आला. मी रजा टाकली. आई म्हणाली, "रजा घेऊन कोणी अपमान करून घ्यायला जातं का?" जशीबेन डोळ्यांपुढून हलत नव्हती, म्हणून गेले.

तीच शाळा. काकूही त्याच, केस तेवढे पांढरे. या वेळी मला "सिस्टर" म्हणाल्या. मी विरघळले, हे कबूल करते. तासाभरात त्यांनी दोन बाकांवर दोन लहान पिंपं मांडली.

"कोणाची अडचण नको बाई. तू केलेलं तिकडे, आपलं इकडे. राग मानू नकोस."

पुड्या त्याच. पाणी एकाच शेगडीवर उकळलेलं. पण कोणी केलंय ते कुजबुजत सगळ्या वर्गांत पोचलं. काकूंच्या पिंपापुढे रांग. माझ्यापुढे तिघं. दुपारी त्यांचं पिंप तळाला गेलं. नवीन पाणी अजून शेगडीवर. माणसं रिकामे पेले घेऊन बसलेली, पोरांचे ओठ वाळलेले, आणि माझं पिंप जवळजवळ भरलेलं. माझा जीव नुसता तळमळत होता. यातला कोण आधी जाणार, तेच बघत उभं राहायचं का मी?

मी माझं पिंप उचललं आणि काकूंच्या पिंपात ओतलं.

काकू म्हणाल्या, "आता हे कोण पिणार?"

"ज्याला जगायचंय तो."

बरेच प्याले. काहींनी माझ्याकडे न बघता पेला पुढे केला. एका सुनेने मात्र सासूला दंडाला धरून उठवलं. म्हातारीचे डोळे जशीबेनसारखेच आत गेलेले. मी पेला घेऊन फाटकापर्यंत धावले. "अमने नथी जोईतुं," सून म्हणाली. आम्हाला नको. म्हातारीने मात्र पेल्याकडे पाहिलं. सून तिला ओढत, पाणी ओसरत आलेल्या घराकडे घेऊन गेली.

मागून काकू म्हणाल्या, "बघ, तुझ्या हट्टापायी."

म्हातारी मेली तर माझ्यामुळे? पिंपं वेगळी ठेवली असती तर नवीन पाणी होताच ती काकूंच्या पिंपातलं प्याली असती, हेही खरं. ते मी कधीच नाकारलं नाही.

केंद्रातल्या केसपेपरवरून तिचा पत्ता उतरवून घेतला. पिशवीत पुड्या आणि पाण्याची बाटली टाकली आणि गुडघाभर चिखलातून निघाले. दार उघडेपर्यंत उभी राहणार होते. हाकलून दिलं तर संध्याकाळी परत जाणार होते. पण पाणी वेगळं मांडणार नव्हते. कोणाचा जीव त्यावर अडला, तरी नाही.