तुल्लियोनं घाट जिंकला

तुल्लियो बर्तोलदी अकरा वर्षं व्यावसायिक सायकलपटू होता, पण जिंकणं हे त्याचं काम नव्हतं. संघाचा म्होरक्या रेन्झो. त्याला पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या आणि त्याच्यापुढे राहून वारा आपल्या अंगावर घ्यायचा, हे तुल्लियोचं काम. चौतिसाव्या वर्षीही तो ते आनंदानं करी.

त्या दिवशी इटलीतल्या डोलोमाइट्स पर्वताच्या घाटात तो इतर संघांच्या तिघांबरोबर पुढे निघाला होता, पण तो वर जाऊन रेन्झोसाठी थांबायलाच. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी संघाची मोटार त्याच्या शेजारी आली.

“रेन्झोला ताप भरलाय, शर्यत सोडली त्यानं!” व्यवस्थापक खिडकीतून ओरडला. “म्हणाला, तुल्लियोला सांगा, आज कुणासाठी थांबायचं नाही.”

“मग मी करू काय?”

“अरे गाढवा, जिंक!”

चढावर दोघे गळाले. तिसरा शेवटच्या वळणापर्यंत चिकटून होता, मग त्याचेही पाय संपले. तुल्लियोनं एकट्यानंच रेषा ओलांडली आणि हात वर करताना पडता पडता वाचला. विजेत्याच्या मंचावर कुठून चढतात, हेही त्याला विचारावं लागलं.

त्यानं आधी बायकोला, नीवेसला, फोन लावला.

“हात कशाला सोडलेस रे? टीव्हीवर बघताना जीव गेला माझा!” ती रडत हसत होती.

“सवय नाही गं.”

मग रेन्झोला लावला. आभार मानायला तोंड उघडलं, पण हुंदकाच आला.

“रड निवांत,” पलीकडून घोगरा आवाज आला. “मी कुठं जातोय? अंथरुणातच आहे.”